टपालापासून काटोलपर्यंत : महाराष्ट्रातील वाहतूक न्यायालयांची वाटचाल

स्मरणिका म्हटली की संस्थापकांचे छायाचित्र, कोनशिलेची तारीख आणि पहिल्या कार्यकारिणीची यादी आलीच. वाहतुकीच्या खटल्यांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याची पंचाईत अशी, की यातले काहीच हाती लागत नाही. ‘ट्रॅफिक कोर्ट’ नावाचे वेगळे न्यायालय महाराष्ट्रात कोणत्याही कायद्याने स्थापन केलेले नाही. मोटार वाहन कायदा नुसते ‘न्यायालय’ एवढेच म्हणतो. दंडाधिकाऱ्यांपैकी कुणाकडे तरी हे काम सोपवले जाते, दारावर ‘मोटार वाहन न्यायालय’ अशी पाटी लागते आणि दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात रिक्षावाले, टेम्पोवाले, कॉलेजची पोरे आणि एखादे संकोचलेले पेन्शनर गृहस्थ दिसू लागतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण सिग्नल चुकलेल्या शहाण्याला ती चढावीच लागे. कित्येकांच्या आयुष्यातला न्यायव्यवस्थेशी आलेला एकमेव संबंध हाच. त्यामुळे कोनशिला नसली तरी इतिहास आहे, आणि तो मोटारीच्या आधी सुरू होतो.

मुंबईत १८६३ साली सार्वजनिक वाहनांचा कायदा झाला तेव्हा रस्त्यावर घोडे होते, बैल होते. भाड्याच्या गाडीला परवाना हवा, भाडे ठरलेले हवे, ही कल्पना त्या कायद्याने शहरात रुजवली. पुढे १९२० साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. व्हिक्टोरिया गाड्या त्याच्याही नंतर जवळजवळ शतकभर धावत राहिल्या, आणि जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्षभरात त्या बंद करण्याचा आदेश दिला तेव्हा कुठे तो अध्याय मिटला.

या खटल्यांचे काम प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटांकडे असे. १८७७ च्या कायद्याने त्यांची रचना पक्की केली. पगारी मॅजिस्ट्रेटांच्या जोडीला मानद मॅजिस्ट्रेट असत. शहरातले प्रतिष्ठित व्यापारी, निवृत्त अधिकारी, समाजात वजन असलेली माणसे बाकावर बसून किरकोळ गुन्हे निकालात काढत. कायद्याचे शिक्षण असलेच पाहिजे, अशी अट नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या एस्प्लनेडच्या इमारतीत, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या किल्ला कोर्टात, जून १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्यात आले. राजद्रोहाचा आरोपी आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेला गाडीवान यांची पहिली पायरी एकच होती. दंडाधिकारी न्यायालयाचा हा स्वभाव आजही तसाच आहे.

मुंबईबाहेर चित्र निराळे होते. तालुक्याच्या गावी किरकोळ फौजदारी खटले चालत ते मामलेदार कचेरीत. सकाळी सारावसुली पाहणारा अधिकारीच दुपारी मॅजिस्ट्रेट होई, आणि ज्या सरकारने खटला भरला त्याच सरकारचा नोकर निकाल देई. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने न्यायविषयक आणि प्रशासकीय कामे वेगळी केली आणि ही गाठ सुटली. खेड्यातल्या बैलगाडीवाल्याला त्याचा पत्ता लागला असेल असे वाटत नाही. पण पुढे एसटीच्या, ट्रकच्या, जीपच्या चालकांना मिळालेला न्यायाधीश कलेक्टरच्या हाताखालचा नव्हता, हे या बदलाचे फळ.

साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटारींचा पहिला कायदा १९१४ चा. तो आटोपशीर होता, कारण मोटारीच मूठभर होत्या आणि त्यांचे मालक बहुधा मॅजिस्ट्रेटच्या ओळखीचेच असत. वाहतूक न्यायालयाचा खरा जन्म १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात शोधावा लागतो. पुढची पन्नास वर्षे हाच कायदा चालला, आणि १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्याने त्याची हाडे जशीच्या तशी घेतली. त्यातल्या तीन गोष्टी थांबून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, घरबसल्या गुन्हा कबूल करण्याची सोय. लांब पल्ल्याचा ट्रकचालक नाशिकला पकडला गेला आणि त्याचे घर सोलापूरला असेल, तर तारखेला त्याने यायचे कसे? १९३९ च्या कायद्याने टपालाचा मार्ग उघडला. १९८८ च्या कायद्याचे कलम २०८ तर फारच मजेशीर आहे. न्यायालयाने समन्सवरच लिहायचे, की आरोपीने स्वतः यावे, वकील पाठवावा, किंवा अमुक तारखेच्या आत गुन्हा कबूल करून अमुक रक्कम मनीऑर्डरने पाठवावी, आणि कबुली मनीऑर्डरच्या कूपनावरच लिहावी. ज्या कूपनावर गिरणीतला मुलगा कोकणातल्या आईला ‘पैसे पाठवत आहे, तब्येतीस जपणे’ असे लिहायचा, त्याच कूपनावर ‘गुन्हा कबूल’ लिहिले की त्या गुन्ह्यापुरती पुढची कारवाई बंद. अशा कबुलीनंतर परवाना रद्द करण्याची टांगती तलवारही राहत नाही, असे कलमच सांगते. फौजदारी कायद्यात एवढा सुटसुटीत मार्ग दुसरीकडे क्वचितच सापडेल.

दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची. वेगाच्या गुन्ह्यात ‘गाडी फार जोरात होती, मी पाहिले’ असे म्हणणाऱ्या एकट्या साक्षीदाराच्या मतावर कुणालाही दोषी ठरवता येत नाही. त्या मताला यंत्राने केलेल्या मोजणीचा आधार लागतो. रस्त्याच्या कडेला उभ्या हवालदाराच्या नजरेवर कायद्याने भिस्त ठेवली नाही ती तेव्हापासून. २०१९ च्या दुरुस्तीने यांत्रिक साधनाच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक साधन आणले, म्हणजे आजच्या स्पीड गनची आणि कॅमेऱ्याची मुळे त्या जुन्या अविश्वासात आहेत.

तिसरी गोष्ट वकिलांनाही पुष्कळदा आठवत नाही. भरधाव किंवा धोकादायक गाडी चालवल्याचा खटला भरायचा, तर आरोपीला त्याच वेळी तशी ताकीद दिलेली हवी. नाहीतर १४ दिवसांच्या आत रजिस्टर्ड टपालाने नोटीस पाठवलेली हवी, किंवा २८ दिवसांत समन्स बजावलेले हवे. कारण साधे आहे. तीन महिन्यांनी ‘अमुक दिवशी अमुक चौकात तू जोरात होतास’ असे विचारले तर माणूस बचाव काय करणार? त्या दिवशी कुठे होतो हेच आठवत नाही.

म्हणजे कायद्याने दोन दारे ठेवली. चूक मान्य असेल त्याला चटकन बाहेर पडण्याचे, आणि मान्य नसेल त्याला आत येऊन बोलण्याचे. या संस्थेचा पुढचा सारा इतिहास पहिले दार रुंद होत गेल्याचा आणि दुसऱ्याच्या बिजागऱ्या गंजत गेल्याचा आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत हे काम कसे चाले? पोलिसाने अडवले की लायसन्स त्याच्या खिशात जाई आणि हाती पोचपावती येई. कायद्याने ही पोच म्हणजे तात्पुरते लायसन्सच. ती दाखवून गाडी चालवता येते. लायसन्स कोर्टाकडे जाई आणि ते परत हवे म्हणून माणूस तारखेला हजर राही. वॉरंटापेक्षा ही ओढ मोठी होती. सकाळी अकराला बोर्ड सुरू होई. शिपाई पुकारा करी, नावाचा उच्चार हमखास चुके, मागच्या बाकावरून कुणीतरी धावत येई. साहेब कागदावरून नजर न उचलता विचारत, ‘गुन्हा कबूल?’ ‘कबूल, साहेब.’ दंड सांगितला जाई, आरोपी कारकुनाच्या टेबलाकडे वळे, पुढचे नाव पुकारले जाई. संक्षिप्त खटल्याच्या नोंदीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २६३ ने दहा बाबी ठरवून दिल्या होत्या. अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादीचे नाव, आरोपीचे नाव-गाव, आरोप, त्याचे म्हणणे, निष्कर्ष, शिक्षा. एका माणसाचा अख्खा खटला रजिस्टरच्या एका आडव्या ओळीत मावत असे.

पुण्याचा या रजिस्टरातला वाटा वेगळा. सायकलींच्या त्या शहरात दिव्याविना सायकल आणि डबल सीट हे गुन्हे होते, आणि ते न केलेला पुणेकर त्या पिढीत सापडणे कठीण. पोलीस दिसला की मागच्याने उडी मारायची आणि चालत असल्याचा आव आणायचा, ही कसरत शाळेतच शिकून होई.

या कबुल्या सगळ्याच खऱ्या होत्या का? नव्हत्या, आणि ते साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांना माहीत होते. गुन्हा नाकबूल म्हटले की पुढची तारीख पडणार, पोलीस साक्षीला येणार किंवा येणार नाही, आणखी तारीख पडणार. दिवसाच्या कमाईवर घर चालवणाऱ्या रिक्षावाल्याला एका तारखेचा खाडा दंडापेक्षा महाग पडे. १९८८ च्या कायद्यात ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्याला पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ३०० रुपयांपर्यंत दंड होता. शंभर रुपयांसाठी वकील लावणारा माणूस एक तर तत्त्वनिष्ठ असे किंवा स्वतःच वकील.

१ एप्रिल १९७४ पासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट गेले, मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट आले. मानद मॅजिस्ट्रेटांची जुनी पद्धत मोडली आणि विशेष दंडाधिकारी नेमण्याची तरतूद झाली. न्यायालयात न येता टपालाने किरकोळ गुन्हा कबूल करण्याची सोय या संहितेने इतर गुन्ह्यांनाही दिली आणि मोटार वाहन कायद्याचे गुन्हे मात्र तिच्यातून वगळले, कारण त्यांच्याकडे स्वतःची सोय आधीपासून होती. थोरल्या घराने धाकट्याची रीत उचलावी, तसे हे झाले.

पहिले दार खऱ्या अर्थाने रुंद केले ते तडजोडीने. कलम २०० खाली राज्य सरकारने नेमलेला अधिकारी ठरावीक रक्कम घेऊन जागच्या जागी प्रकरण मिटवू शकतो. लोकांच्या भाषेत ‘पावती फाडणे’ ते हेच. पावती फाटली की ते प्रकरण न्यायालयाकडे जात नाही. ही पद्धत रुळली आणि न्यायालयाच्या बोर्डावरून सिग्नल, नो पार्किंग, हेल्मेट यांची गर्दी कमी झाली. जे पैसे भरायला नकार देतात ते, आणि ज्यांत तडजोड होतच नाही असे गुन्हे, तेवढे न्यायालयाकडे उरले. (पावती न फाडता खिशात गेलेल्या नोटांचा इतिहास या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. तो लिहायचा तर स्वतंत्र स्मरणिका लागेल.)

तडजोड न होणाऱ्यांत पहिला क्रमांक दारू पिऊन गाडी चालवण्याचा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की कलम १८५ लागते आणि दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहावेच लागते. मुंबई पोलिसांनी २००७ पासून श्वासचाचणीची यंत्रे घेऊन रात्रीच्या नाकाबंदीचा जो सपाटा लावला, त्याने या न्यायालयांचे रूप बदलले. एरवी व्हरांड्यात कधी न दिसणारा वर्ग, इस्त्रीच्या शर्टातला, इंग्रजीत फोनवर बोलणारा, सकाळी बाकावर बसलेला दिसू लागला. त्यातल्या काहींना दंडाबरोबर थोड्या दिवसांची कैदही झाली. या गुन्ह्यात पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तेव्हाची शिक्षा. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा १०,००० रुपयांवर नेली. शहरात या गुन्ह्याची जी थोडीफार भीती बसली ती रकमेमुळे बसली असे वाटत नाही. साहेबांपुढे नाव पुकारले जाण्याची लाज त्यापेक्षा परिणामकारक ठरली.

इथे एक खुलासा हवा. अपघातात माणूस दगावला की प्रकरण या न्यायालयाच्या हातून जवळजवळ निसटते. भरपाईसाठी मोटार अपघात दावा प्राधिकरण असते. शिक्षेसाठी पूर्वी दंड संहिता होती, आता न्याय संहिता आहे. रस्त्यावरच्या बेदरकारपणाला मोटार वाहन कायदा आणि दंड संहिता दोन्ही लावता येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिला. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला घडलेल्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाच्या जामिनासाठीची ३०० शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. ती अट बाल न्याय मंडळाने घातली होती. वाहतुकीचा दंडाधिकारी त्यात कुठेच नव्हता, तरी चहाच्या टपरीवर शिव्या त्यालाच पडल्या.

दंडाधिकाऱ्याला दंड कमी-जास्त करण्याची मुभा असते. घरची परिस्थिती ऐकून, पहिलाच गुन्हा आहे हे पाहून रक्कम कमी करणारे न्यायाधीश प्रत्येक तालुक्याने पाहिले आहेत. ही मुभा नासली की काय होते, ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने दाखवून दिले. तिथले वाहतूक न्यायालय खरोखरच स्वतंत्र होते. न्यायाधीश निवडून येत, वकील असण्याची गरज नव्हती. राजकीय ओळखीवर तिकिटे रफादफा केल्याच्या आरोपावरून जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या नऊ आजी-माजी न्यायाधीशांवर केंद्रीय आरोपपत्र दाखल झाले. पुढे खटल्यात लबाडीचे मूळ आरोप टिकले नाहीत, काही जण खोटे बोलल्याबद्दल मात्र दोषी ठरले. पण निकालाची वाट न पाहता पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने २०१३ मध्येच ते न्यायालय बंद करून काम शहराच्या दुसऱ्या न्यायालयाकडे सोपवले. आपल्याकडे वशिला चालतो तो बहुधा चौकातच, पावती फाडण्यापूर्वी. न्यायालयापर्यंत तो पोहोचण्याची गरज पडत नाही, एवढाच काय तो फरक.

प्रलंबित खटल्यांच्या चिंतेने २०१० नंतर आणखी एक प्रयोग झाला. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळासाठी न्यायव्यवस्थेला जे अनुदान सुचवले, त्यातले २,५०० कोटी रुपये सकाळ-संध्याकाळच्या आणि विशेष न्यायालयांसाठी होते. दिवसभर काम करणाऱ्याला संध्याकाळी कोर्टात येता यावे, हा विचार चांगला होता. पण न्यायाधीश, कारकून, वकील आणि पोलीस हे सगळे दिवसभर राबून संध्याकाळी पुन्हा त्याच खुर्चीत बसणार, हे फार दिवस निभणारे नव्हते.

मग कॅमेरा आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईत सीसीटीव्हीचे जाळे सुरू झाले आणि त्याबरोबर ई-चलन. २०१९ मध्ये ‘एक राज्य, एक चलन’ म्हणून ही पद्धत महाराष्ट्रभर नेली गेली. वरकरणी हा कागद जाऊन फोन आल्याचा बदल. आतून मात्र जुन्या व्यवस्थेचा खिळाच निघाला. लायसन्स आता कुणाच्या खिशात जात नव्हते. पूर्वी ते सोडवायला माणूस धडपडत न्यायालयात येई. आता एसएमएस येतो, वाचला जातो, विसरला जातो. चलने साचत गेली. शिवाय कॅमेऱ्याला चालक ओळखता येत नाही, त्याला नंबर दिसतो. म्हणून चलन मालकाच्या नावावर. गाडी विकून वर्ष झाले पण नोंदणी बदलली नाही, कुणीतरी आपल्या गाडीवर दुसऱ्याचा नंबर लावला, चिखलाने ३ चा ८ दिसला, अशा प्रत्येक घोळाचा पहिला धनी मालकच. गाडी कोण चालवत होता हे मालकाने सांगितले पाहिजे, असे कलम १३३ म्हणते. पण विचारणारा समोर असेल तर सांगायचे.

केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आणून या गोंधळाला काही शिस्त लावली. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस गेली पाहिजे आणि चलन निकाली निघेपर्यंत पुरावा जपून ठेवला पाहिजे. कॅमेरे बसवण्यासाठी जी १३२ शहरे त्या नियमाबरोबर जाहीर झाली, त्यांत सर्वाधिक, १९, महाराष्ट्रातली आहेत. १९३९ च्या १४ दिवसांच्या नोटिशीचे तत्त्वच इथे एका दिवसाच्या फरकाने परतलेले दिसते.

वाढीव दंडाची गोष्टही याच काळातली. केंद्राची २०१९ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. निवडणूक तोंडावर असलेल्या महाराष्ट्र सरकारने वाढीव दंड थोपवून धरला. तो राज्यात लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. लायसन्सशिवाय गाडी चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपयांवर गेला. पूर्वी ज्या चलनाकडे काणाडोळा केला तरी चालत होते, ते आता महिन्याच्या पगारात खड्डा पाडू लागले. नाकबूल म्हणण्याला प्रथमच आर्थिक अर्थ आला.

साचलेल्या चलनांवर उतारा म्हणून लोकअदालत पुढे आली. २०२१ पासून महाराष्ट्रात थकलेली ई-चलने दाखलपूर्व प्रकरणे म्हणून राष्ट्रीय लोकअदालतीपुढे ठेवली जाऊ लागली आणि लाखो फोनांवर नोटिशीचे एसएमएस खणखणले. लोकअदालतीत कोर्ट फी नाही, निवाड्यावर अपील नाही, आणि तडजोड न होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांना तिथे प्रवेश नाही. थकबाकी वसूल करण्याचे साधन म्हणून ती उपयोगी पडली, हे मान्य केले पाहिजे. पण रक्कम कमी होईल या आशेने लोक पुढच्या लोकअदालतीची वाट पाहत बसू लागले. ज्याने वेळेवर पैसे भरले तो मूर्ख ठरावा, ही या सोयीची वाईट बाजू. आणि ‘मी हा गुन्हा केलाच नाही’ म्हणणाऱ्याला लोकअदालतीत जागाच नाही. तिथे तडजोड होते, पुरावा तपासला जात नाही.

एक मुद्दा मात्र चालकांच्या बाजूचा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. नुसत्या दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला फौजदारी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. न्यायालय योग्य कारणासाठी उशीर माफ करू शकते, पण मुदत आहे. चार वर्षांपूर्वीच्या नो पार्किंगचे चलन आज न्यायालयात कसे टिकेल, हा प्रश्न विचारण्यासाठी आधी ते न्यायालयात यावे लागते.

ही वाट थोडीफार मोकळी झाली ती नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला. संत्र्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याच्या गावाचे नाव ३१ ऑक्टोबर २०२० पासून न्यायालयीन इतिहासातही लागले. मूळचे नागपूरचे असलेले तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी त्या दिवशी नागपुरात ‘न्यायकौशल’ या ई-संसाधन केंद्राचे आणि त्याबरोबर काटोलच्या आभासी न्यायालयाचे उद्घाटन केले. दिल्लीत तीस हजारीला जुलै २०१९ मध्ये असे पहिले न्यायालय सुरू झाले होते. अशा न्यायालयात पुकारा नाही, बाक नाही, बोर्ड नाही. चलन संगणकावरून दंडाधिकाऱ्याकडे येते. ते पाहून दंडाची रक्कम ठरते आणि समन्स फोनवर जाते. आरोपीपुढे दोनच पर्याय असतात. गुन्हा कबूल करून ऑनलाइन दंड भरा, प्रकरण बंद. किंवा खटला लढवायचा आहे असे कळवा, मग प्रकरण त्या त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. मनीऑर्डरच्या कूपनाला जे जमत होते तेच हे, फक्त पोस्टमन वगळून.

काटोलची व्यवस्था कबूल करणाऱ्यासाठी उत्तम आहे. नाकबूल म्हणणारा मात्र पुन्हा जुन्याच व्हरांड्यात येऊन पडतो. तिथे पूर्वीसारखी स्वतंत्र वाहतुकीची शिस्त असेलच असे नाही, आणि चेक न वटल्याच्या खटल्यांच्या ढिगाऱ्यात त्याचे दोन हजारांचे चलन कुणाच्या खिजगणतीत नसते.

अलीकडच्या दोन घटना नोंदवून ठेवल्या पाहिजेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिने महानगर क्षेत्र हा भेदच काढून टाकला. मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट हे पद पन्नास वर्षांच्या आयुष्यानंतर संपले. मुंबईतला दंडाधिकारी आता काटोलच्या दंडाधिकाऱ्यासारखाच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आहे. दुसरी घटना जुलै २०२५ ची. ई-चलनांच्या विरोधात राज्यातल्या मालवाहतूकदारांनी संप पुकारला. त्याच सुमारास वाहतूक पोलिसांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून चलने करू नयेत, असे परिपत्रक पोलीस खात्याने काढले. खासगी फोनमधला फोटो पुरावा म्हणून किती विश्वासाचा, हा प्रश्न दंडाधिकाऱ्यापुढे साक्षीपुराव्याने सुटायला हवा होता. तो रस्त्यावर, संपाने सुटला. शंभर वर्षे मुरलेल्या संस्थेला हे भूषणावह नाही.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयात आठवड्यातला एक ठरावीक दिवस वाद असलेल्या चलनांसाठी राखून ठेवता येईल. सुनावणी व्हिडिओवरून घेता येईल, म्हणजे सोलापूरच्या चालकाला नाशिकला यावे लागणार नाही. फोटो, वेळ, ठिकाण आणि यंत्राचा तपासणी दाखला आरोपीला सुनावणीआधी मिळालाच पाहिजे. तो नसेल तर चलन तिथेच रद्द व्हावे. तालुक्याच्या वकील संघांनी नव्या सनदधारकांना या कामात घातले तर त्यांनाही उलटतपासणीचा सराव होईल, आणि पाचशे रुपयांच्या चलनासाठी वकील मिळत नाही ही तक्रार मिटेल.

वाचकांना एवढेच सांगणे, की चलनाचा एसएमएस आला तर तो पुसून टाकू नका. फोटो उघडून गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि जागा पाहा. चूक आपली असेल तर पैसे भरून मोकळे व्हा. चूक आपली नसेल तर ‘महाट्रॅफिक’ ॲपवर तक्रार नोंदवा, तिची नोंद जपून ठेवा, आणि समन्स आले तर ‘खटला लढवायचा आहे’ हाच पर्याय निवडून तारखेला हजर राहा.